घाटाची शर्यत उतारावर ठरते

पावसाळा अर्ध्यावर आला की पुण्या-मुंबईच्या रनर मंडळींच्या ग्रुपवर एक चित्र फिरू लागतं: सातारा हिल हाफ मॅरेथॉनच्या मार्गाचा आलेख. मधोमध सुळका, दोन्ही बाजूंना घसरण. त्याखालचे प्रश्न ठरलेले असतात. चढ किती आहे? चालावं लागतं का? घाट नेमका कुठे संपतो? आलेखाच्या डाव्या बाजूबद्दल ढीगभर चौकशा होतात. उजवी बाजू मात्र ‘नंतर काय, उतारच आहे’ एवढ्यावर निकालात निघते. डोंगराळ गावांतल्या आणि शहरांतल्या शर्यतींचा जुना अनुभव आणि त्यावर झालेलं संशोधन एकत्र ठेवून पाहिलं, तर ही समजूत मुळातून बदलायला हवी असं माझं ठाम मत आहे. चढावर तुमचा वेळ जातो, उतारावर पाय जातात. तयारी मात्र जवळजवळ सगळे फक्त चढाचीच करतात.

साताऱ्याची शर्यत 2012 साली सुरू झाली. शहरातून निघायचं, यवतेश्वरचा घाट चढून कासच्या रस्त्याला लागायचं आणि आलेल्या वाटेनेच खाली यायचं. सप्टेंबरात होते, म्हणजे हवा गार, धुकं, अधूनमधून झड. घाट म्हटला की नवख्याच्या डोळ्यांपुढे भिंत उभी राहते, तसं काही नसतं. आपल्याकडचे घाटरस्ते गाड्यांसाठी आखलेले असतात. इंडियन रोड काँग्रेसच्या मानकांत डोंगराळ भागासाठी नेहमीचा चढ 5 टक्के धरला आहे, अपवाद म्हणून 7 टक्के. 5 टक्के म्हणजे शंभर मीटर पुढे गेलात की पाच मीटर वर. जुन्या घाटांत एखादं वळण याहून तीव्र लागतं, विशेषतः आतल्या अंगाने. पण एकंदरीत हा चढ पळता येण्याजोगा असतो. त्रास होतो तो त्याच्या लांबीचा, कारण तो मध्ये उसंत देत नाही.

मार्गाच्या आलेखाबद्दलही एक गोष्ट इथेच सांगतो. त्यात उभी रेघ मीटरची आणि आडवी किलोमीटरची असते, त्यामुळे साधी टेकडीही कडा दिसते. चित्र पाहून धास्ती घेण्यापेक्षा आकडे वाचावेत: कुठल्या किलोमीटरला किती मीटर चढ, कुठल्या किलोमीटरला किती उतार. ते हाताने एका कागदावर लिहून काढले की शर्यत निम्मी समजते.

चढाची किंमत किती, हे इटालियन शरीरशास्त्रज्ञ अल्बेर्तो मिनेट्टी आणि सहकाऱ्यांनी 2002 साली बारकाईने मोजलं. डोंगरात पळणाऱ्या कसलेल्या धावपटूंना त्यांनी ट्रेडमिलवर 45 टक्के चढापासून 45 टक्के उतारापर्यंत पळवलं आणि दर मीटरला किती ऊर्जा लागते ते टिपलं. त्यांच्या सूत्रात 5 टक्के चढ घातला तर सपाटीपेक्षा साधारण 30 टक्के जास्त ऊर्जा लागते. 5 टक्के उतार घातला तर जेमतेम 24 टक्के वाचते. म्हणजे हिशेब उलट्या बाजूने फिटत नाही. चढावर दिलेलं सगळं उतारावर परत मिळत नाही, कागदावरसुद्धा नाही.

प्रत्यक्षात तर आणखी कमी मिळतं. ऑस्ट्रेलियातल्या टाउनशेंड आणि सहकाऱ्यांनी 2010 साली अनुभवी धावपटूंना खऱ्याखुऱ्या चढउतारांवर, स्वतःच्या मर्जीच्या वेगाने पळू दिलं. चढावर ते सपाटीपेक्षा सरासरी 23 टक्के मंदावले, उतारावर मात्र 14 टक्केच वेग वाढला. चढ संपल्यावर पूर्ववत वेग यायला मिनिटभराहून जास्त वेळ लागला, हेही त्यात दिसलं. हे आकडे घेऊन मी साधा हिशेब मांडला. ज्याची सपाटीवरची हाफ मॅरेथॉन दोन तासांची आहे, त्याने निम्मं अंतर चढून निम्मं उतरायचं असेल तर दोन तास दहा मिनिटं ही चांगली धाव मानावी. साताऱ्यात शहरातला भाग घाटाइतका उभा नाही, त्यामुळे मिनिटं थोडी इकडेतिकडे होतील. पण सपाटीचा वेळ घेऊन घाटात ‘पीबी’, म्हणजे स्वतःची सर्वोत्तम वेळ, करायला येणारा माणूस पहिल्या पाच किलोमीटरमध्येच चुकीच्या वेगाला लागलेला असतो.

या चुकीला मोठी परंपरा आहे. आधुनिक ऑलिंपिकमधली पहिली मॅरेथॉन 1896 साली मॅरेथॉन गावापासून अथेन्सपर्यंत झाली, ती मुळात चढाचीच शर्यत. पहिले दहा किलोमीटर साधारण सपाट, मग तिशी ओलांडेपर्यंत रस्ता वर वर जातो आणि शेवटी शहरात उतरतो. फ्रान्सचा अल्बां लेर्म्युझियो सुरुवातीपासून सुसाट पुढे होता. बत्तीस किलोमीटरच्या सुमारास त्याने शर्यत सोडली. मग आघाडीवर आला ऑस्ट्रेलियाचा एडविन फ्लॅक. त्याच ऑलिंपिकमध्ये 800 आणि 1500 मीटर जिंकलेला हा गडी शेवटच्या काही किलोमीटरांत कोसळला. जिंकला तो मागून शांतपणे आलेला ग्रीसचा स्पिरिदोन लुईस. 2004 च्या ऑलिंपिकमध्ये याच वाटेवर त्या वेळची विश्वविक्रमवीर पॉला रॅडक्लिफ शर्यत पूर्ण करू शकली नाही. चढ तोवर संपला होता, रस्ता खाली अथेन्सकडे निघाला होता. उन्हाळा आणि तब्येत ही कारणं होतीच, पण या मार्गावरची मोडतोड माथा ओलांडल्यावर होते, हे लक्षात ठेवण्याजोगं आहे.

माझ्या म्हणण्याचा सगळ्यात भक्कम पुरावा बॉस्टनचा आहे. बॉस्टन मॅरेथॉन म्हटलं की ‘हार्टब्रेक हिल’ हे नाव येतंच. 1936 साली जॉनी केली मागून येऊन न्यूटनच्या टेकड्यांवर एलिसन ‘टार्झन’ ब्राउनला गाठतो, जाता जाता त्याच्या खांद्यावर थाप मारतो, ब्राउन चिडून उसळतो आणि जिंकतो. केलीचं मन तिथे मोडलं, असं बॉस्टन ग्लोबच्या जेरी नेसनने लिहिलं आणि टेकडीला नाव मिळालं. आता ही टेकडी मोजली तर निघते किती? सुमारे 600 मीटरांत 27 मीटर चढ. आपल्या घाटातल्या एका वळणाएवढी. मग ती जगभरच्या धावपटूंना का मोडते? उत्तर तिच्या आधीच्या रस्त्यात आहे. शर्यत सुरू होते हॉपकिंटनला, समुद्रसपाटीपासून दीडशे मीटरांच्या आसपास. संपते जवळजवळ समुद्राच्या पातळीवर. त्यातला बराचसा उतार सुरुवातीच्या पंचवीस-सव्वीस किलोमीटरांत येतो, आणि तेव्हा पाय ताजे असतात, गर्दी ओरडत असते, घड्याळ सुखावणारे आकडे दाखवत असतं. न्यूटनच्या टेकड्या लागतात तेव्हा मांड्या आधीच कामातून गेलेल्या असतात. हार्टब्रेक हिल त्यावर फक्त बोट ठेवते.

बॉस्टनचा उतार दर किलोमीटरला सरासरी तीन मीटरहून अधिक पडतो. जागतिक विक्रमासाठी एका मीटरची मर्यादा आहे. म्हणूनच 2011 साली जेफ्री मुताईने तिथे 2 तास 3 मिनिटं 2 सेकंद अशी त्या वेळच्या विश्वविक्रमापेक्षा चांगली वेळ दिली, तरी ती विक्रम म्हणून धरली गेली नाही. उतार वेळ देतो हे नियमांनीही मान्य केलेलं आहे. त्याच्या मोबदल्यात तो काय घेतो, हे नियमांत लिहिलेलं नसतं.

तो काय घेतो ते नीट समजून घेऊ, कारण पुढची सगळी तयारी त्यावरच उभी आहे. 1952 साली लंडनमध्ये ॲबट, बिगलंड आणि रिची या तीन शास्त्रज्ञांनी एक सुंदर प्रयोग केला. दोन सायकली एकमेकींना पाठ करून साखळीने जोडल्या. एकाने पेडल पुढे मारायचं, दुसऱ्याने त्याला विरोध करत ते नुसतं थोपवायचं. साखळी सामाईक, म्हणून वेग तोच आणि पायातला जोरही तितकाच. तरीही थोपवणाऱ्याला लागणारा ऑक्सिजन कितीतरी कमी भरला. रॉयल सोसायटीत हे जाहीर प्रात्यक्षिक झालं, तेव्हा लहान चणीच्या बाईने नुसतं थोपवून दणकट पुरुषाला काही मिनिटांत दमवलं. थोपवण्याचं काम स्नायूंना स्वस्त पडतं.

घाट उतरताना मांडीचा पुढचा स्नायू हेच थोपवण्याचं काम करतो. पाऊल टेकलं की गुडघा वाकतो, स्नायू लांबत जातो आणि लांबत असतानाच आवळून शरीराचा भार धरून ठेवतो. ऑक्सिजन कमी लागतो म्हणून दम लागत नाही, छातीचे ठोके खाली येतात, घड्याळावरचा हार्ट रेट निवांत दिसतो. पण लांबता लांबता आवळलेल्या स्नायूचे सूक्ष्म धागे तुटतात. गॉटशॉल आणि क्रॅम यांनी 2005 साली मोजलं, तेव्हा 9 अंशांच्या उतारावर पाऊल आपटण्याचा जोर सपाटीपेक्षा 54 टक्क्यांनी आणि पुढचा वेग रोखण्याचा जोर 73 टक्क्यांनी वाढलेला दिसला. घाटरस्ता याच्या निम्म्यानेही उभा नसतो, तिथे वाढ कमी. पण दहा किलोमीटरच्या उतारावर पावलं दहा हजारांच्या घरात पडतात, आणि प्रत्येक पावलाला हा भार बसतो. दुखणं दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी येतं, मात्र स्नायूची ताकद तिथल्या तिथे, शर्यत चालू असतानाच घटते. दुखत नाही म्हणून धावणाऱ्याला ते कळत नाही.

यवतेश्वराच्या उतारावर उभं राहून पाहिलं तर हे कानांना ऐकू येतं. आघाडीचे धावपटू जवळजवळ आवाज न करता जातात; पावलं लहान, भराभर, गुडघे किंचित वाकलेले. तास-दीड तासाने मधली गर्दी येते, तेव्हा रस्ता थपथप वाजायला लागतो. माणसं मागे रेललेली, पाय पुढे फेकलेले, टाच आपटत ब्रेक लावत येणारी. चेहरे हसरे असतात, फोटो काढणाऱ्याला हात करतात. हीच माणसं खाली शहरात पोचल्यावर, शेवटच्या दोन-तीन किलोमीटरांत एखादा साधा उंचवटा आला की चालताना दिसतात. दम त्यांच्याकडे भरपूर शिल्लक असतो, मांडी उचलत नाही.

म्हणून वेगाचा काटा चढावर आणि उतारावर वेगळा ठेवावा लागतो. चढताना श्वास ऐकायचा: शेजाऱ्याशी तुटक का होईना एखादं वाक्य बोलता यायला हवं. ते जमेनासं झालं की वेग कमी करा, वाटल्यास चाला. हळू पळणाऱ्याला तीव्र वळणावर झपझप चालणं बऱ्याचदा तितक्याच वेळात आणि कमी श्रमात पडतं, त्यात कमीपणा कसलाच नाही. उतरताना मात्र श्वासावर भरवसा ठेवू नये, तो फसवतो. तिथे पावलांचा आवाज ऐकावा. आवाज वाढला म्हणजे आपण ब्रेक लावतो आहोत. पावलं आखूड करावीत, त्यांची संख्या वाढवावी, अंग घोट्यातून किंचित पुढे झुकू द्यावं, नजर आठ-दहा पावलं पुढे ठेवावी. उतारावर वेग घ्यावा, घेऊ नये असं माझं म्हणणं नाही. पण उताराच्या पहिल्या एक तृतीयांश भागात जेवढा घेता येईलसं वाटतं त्याहून थोडा कमीच घ्यावा. घाटातल्या वळणांवर आणि झाडीत जीपीएस घड्याळाचा तत्काळ वेग बऱ्याचदा चुकतो, त्यामुळे त्याच्याकडे बघून ठरवायचं म्हटलं तरी फारसं हाती लागत नाही.

आता सराव. इथे एक मोठी दिलासा देणारी गोष्ट आहे. उताराचा मार एकदा बसून स्नायू भरून आला की पुढच्या वेळी तेवढ्याच उतारावर नुकसान खूपच कमी होतं, आणि हे संरक्षण काही आठवडे टिकतं. क्रीडाशास्त्रात हे पुन्हा पुन्हा सिद्ध झालं आहे. म्हणजे उतार सोसण्याची क्षमता मिळवता येते, तीही थोड्या सरावात. शर्यतीच्या सहा-आठ आठवडे आधी सुरुवात करावी. पहिल्यांदा दोन-तीन किलोमीटरचाच सौम्य उतार, मग दर आठ-दहा दिवसांनी थोडा थोडा वाढवावा. शेवटचा जोरदार उतार शर्यतीच्या किमान दोन आठवडे आधी. त्यानंतर केला तर मांड्या पूर्ण भरून येत नाहीत. हौसेने आदल्या रविवारी ‘एकदा घाट बघून येऊ’ म्हणून पूर्ण घाट पळून आलेली माणसं मला दरवर्षी भेटतात, आणि त्यांची शर्यत तिथेच अर्धी खर्ची पडलेली असते. बघायचाच असेल तर गाडीने बघावा.

जागेची अडचण फारशी नाही. पुण्याला बोपदेव आणि कात्रजचे घाट आहेत, वेताळ टेकडी आहे. मुंबईकरांना बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातला कान्हेरीचा रस्ता, ठाण्याला येऊर, नवी मुंबईला पारसिकची टेकडी. कोल्हापूरला जोतिबा आणि पन्हाळा, नागपूरला सेमिनरी हिल्स. काहीच नसेल तिथे उड्डाणपूल असतो, पहाटे रहदारी सुरू होण्याआधी. एक मात्र खरं, पर्वतीच्या किंवा इमारतीच्या पायऱ्या चढून घाटाची अर्धीच तयारी होते. आपण जोरात चढतो आणि उतरताना रमतगमत येतो, आणि नेमका तोच भाग शर्यतीत लागणार असतो. ट्रेडमिलवर चढ लावता येतो, उतार बहुतेक यंत्रांवर नसतोच. व्यायामशाळेत जाणाऱ्यांनी एका पायावरचे स्क्वॉट आणि पायरीवरून सावकाश खाली उतरण्याचे व्यायाम करावेत. उतरण्याचा वेळ मुद्दाम लांबवावा.

बुटांबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. पुढे अंगठ्याइतकी जागा हवी, नाहीतर उतारावर बोटं आदळून नखं काळी पडतात. नखं तीन-चार दिवस आधी कापावीत, नाडी घोट्याजवळ घट्ट बांधावी म्हणजे पाय पुढे सरकत नाही. पावसात तळव्याची पकड महत्त्वाची, कारण रस्त्यावरचे पांढरे पट्टे आणि कडेचं शेवाळ ओल्यात फार निसरडं होतं. नवा बूट शर्यतीच्या दिवशी घालू नये, हे सगळ्यांना माहीत असतं.

वळणांवरची रेष हा मात्र कमी बोलला जाणारा विषय आहे. रस्त्यावरच्या शर्यतीचं अंतर मोजताना कडेपासून 30 सेंटीमीटरवरून, शक्य तितक्या जवळच्या वाटेने मोजतात. तुम्ही प्रत्येक वळण बाहेरून घेतलंत तर 21.1 किलोमीटरपेक्षा जास्त पळता. पण आतली बाजू तीव्र असते. चढताना दम टिकवायचा असेल तर तीव्र वळणावर थोडं बाहेरून जाणं परवडतं. उतरताना आतून कापण्याचा मोह होतो, तेव्हा समोरून चढणारे धावपटू आहेत हे विसरू नये. येण्याजाण्याचा मार्ग एकच असलेल्या शर्यतीत दोरी किंवा शंकू असोत नसोत, आपली बाजू सोडायची नाही. रस्त्याला आडवा कल असेल तर एकच पाय सतत खाली राहतो आणि गुडघ्याच्या बाहेरची बाजू धरते. सुरक्षित असेल तिथे मधल्या सपाट पट्ट्यावर यावं.

पाण्याच्या बाबतीत भीती दोन्ही बाजूंनी आहे. गार, दमट हवेत घाम वाळत नाही, जाणवतही नाही, म्हणून काही जण पितच नाहीत. याउलट सावकाश जाणारे प्रत्येक टेबलाशी थांबून पोटभर पाणी पितात, आणि ते जास्त धोक्याचं ठरू शकतं. 2002 च्या बॉस्टन मॅरेथॉनमधल्या 488 धावपटूंचं रक्त तपासलं, तेव्हा 13 टक्क्यांमध्ये सोडियम कमी झालेलं आढळलं. हा अभ्यास 2005 साली प्रसिद्ध झाला. शर्यतीत वजन वाढणं, म्हणजे घामापेक्षा जास्त पिणं, हे त्यातलं सगळ्यात ठळक कारण होतं. आणि जास्त वेळ रस्त्यावर असणाऱ्यांना धोका अधिक होता. डोंगरी शर्यतीत सगळेच जास्त वेळ रस्त्यावर असतात. तहान लागेल तसं प्यावं, नुसतं पाणी ढोसू नये.

वेदनाशामक गोळीबद्दल मला कळकळीने सांगायचं आहे. ‘गुडघा कुरकुरतोय, एक घेऊन टाक’ असा सल्ला सुरुवातीच्या रांगेत सर्रास दिला जातो. उतारावर स्नायू तुटतात, त्यातली प्रथिनं रक्तात येतात आणि मूत्रपिंडांवर ताण येतो. शरीर कोरडं पडलेलं असेल तर तो वाढतो. आयब्युप्रोफेनसारख्या गोळ्या मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा कमी करतात. अतिदीर्घ अंतराच्या धावपटूंवर 2017 साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत ही गोळी घेणाऱ्या 52 टक्के लोकांच्या मूत्रपिंडांना तात्पुरती इजा दिसली, न घेणाऱ्यांत 34 टक्के. शर्यतीनंतर लघवी चहासारखी गडद झाली तर घरी झोपून राहू नये, त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावं. छातीत दाब, डाव्या हातात कळ, डोळ्यांपुढे अंधारी यांपैकी काहीही जाणवलं तर त्या क्षणी थांबावं. चाळिशी ओलांडलेल्यांनी आणि घरात हृदयविकार असलेल्यांनी नाव नोंदवण्याआधी तपासणी करून घ्यावी.

वर पठाराकडे वारा असतो, आणि उतरताना शरीर कमी उष्णता निर्माण करतं. ओल्या बनियनवर ती थंडी भरते. घडी करून कमरेला बांधता येईल असं पातळ जाकीट असावं.

आयोजकांकडूनही एक अपेक्षा आहे. मार्गाच्या चित्राबरोबर दर किलोमीटरचा चढ आणि उतार आकड्यांत छापावा, आणि घाटाच्या पायथ्याशी, उतार संपतो तिथे, वैद्यकीय मदतीचं ठिकाण आवर्जून ठेवावं. शेवटच्या रेषेपाशी रुग्णवाहिका सगळीकडेच असते, पण पाय जातात ते तिच्या आधी तीन-चार किलोमीटर.

शर्यतीनंतरचे दोन-तीन दिवस जिना उलटा उतरावा लागला तर घाबरू नये. चालत राहावं, आठवडाभर जोराचं पळणं टाळावं. साताऱ्याहून आलेल्यांपैकी अनेकांचं पुढचं लक्ष्य जानेवारीतली मुंबई मॅरेथॉन असतं, आणि तोवर चार महिने जातात. सप्टेंबरात मिळवलेलं उताराचं संरक्षण तेवढे दिवस पुरेल असं धरून चालू नये. मुंबईच्या पूर्ण मॅरेथॉनमध्ये वर्षानुवर्षं सगळे पेडर रोडच्या चढाला घाबरत आले आहेत, कारण तो 35 किलोमीटर उलटल्यावर येतो. जसलोक रुग्णालयाच्या पुढे रस्ता केम्प्स कॉर्नरकडे खाली वळतो, आणि चौपाटीवर पोचल्यावर अजून काही किलोमीटर सपाटीवर काढायचे असतात. डिसेंबरात दोन रविवार, लांब पळण्याच्या शेवटी, थकलेल्या पायांनी तीन-चार किलोमीटरचा उतार ठेवावा. दुसरा उतार आणि शर्यत यांच्यात पुरते दोन आठवडे सोडावेत.